प्रसूतिकक्षाचा चार्ज

ज्यांना हे पटणार नाही, त्यांनी खुशाल वाद घालावा. घटना मात्र खरी आहे. गेल्या येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येची, आणि तीही भर दुपारची.

रुग्णालयाचे नाव सांगता येत नाही. अहमदपूरकडच्या एका मोठ्या गावातले ग्रामीण रुग्णालय, एवढे पुरे. एके काळी तिथे प्रत्येक पाळीला वॉर्डात वेगळी सिस्टर असे आणि प्रसूतिकक्षात वेगळी. मग एक निवृत्त झाली, एकीला जिल्ह्याला नेले, एकीचे कंत्राट संपले... आणि जागा भरायच्या राहूनच गेल्या.

त्या दुपारी सिस्टर गीतांजली एकटी होती. डॉक्टरही प्रतिनियुक्तीवर, भेटलेच तर फोनवर.

येळवस म्हणजे सारा गाव शेतात, भज्जी-आंबिलीच्या पंगतीला. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते.

पुढच्या पाळीला तिला सोडवायला येणारी सिस्टर महादेवी फोनवर म्हणाली, "ताई, एसटीच न्हाई. स्टँडवर मी अन् कंट्रोलर, दोघंच."

प्रसूतिकक्षात राजकन्या नावाच्या पोरीला कळा लागलेल्या. सासू सगुणाबाई उशाशी. तेवढ्यात पिराजी नावाच्या म्हाताऱ्याला शेतातून उचलून आणले. साप चावला होता. डॉक्टरांना विचारून गीतांजलीने औषध सुरू केले. पण त्याचा श्वास अडकू लागला. तिला जागचे हलता येईना.

सगुणाबाई धावत आली. "सिस्टर, डोकं दिसाया लागलंय! चला की!"

"कुठं कुठं चलू, मावशी? दोन तुकडे करा माझे!"

सिस्टरांचा एक दंडक असतो. पाळी बदलताना जाणारीने 'चार्ज दिला' म्हणायचे, येणारीने 'घेतला'. त्यावाचून पाऊल उचलायचे नाही.

संतापाने गीतांजलीचा तोल गेला. रिकाम्या व्हरांड्याकडे तोंड करून ती ओरडली, "हाय का कुणी? मग घ्या! प्रसूतीचा चार्ज दिला!"



मग व्हरांड्याच्या टोकाकडून...

"घेतला."

वयस्क, थकलेला बाईचा आवाज.

सगुणाबाई तर तिच्या शेजारीच उभी होती.

प्रसूतिकक्षाचे दार सावकाश लागले... आतून कडी पडली.

"आत कोण हाय?" सगुणाबाई पुटपुटली.

पिराजीच्या नाडीवरचा हात गीतांजलीला काढता येईना.

मग... बाळ रडले.

म्हाताऱ्याचा श्वास सुरळीत होताच ती धावली. दार उघडे होते. बाळ पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत. नाळ नीट बांधलेली. आत दुसरे कोणीही नाही.

"त्या दुसऱ्या सिस्टर कुठं गेल्या?" राजकन्येनेच विचारले. "हात लई गार हुते त्यांचे. 'अजून लई बाया यायच्यात, मी हितंच हाय,' म्हणल्या."

गीतांजली जिल्ह्याच्या साहेबांकडे गेली. भुताचे बोलली नाही, माणसे मागितली.

"बाळ-बाळंतीण सुखरूप हायत न्हवं?" साहेब हसले. "मग चालतंय की, बाई! माणसं कशाला?"

पुढे तिलाच रेणापूरला हलवले. निघताना प्रसूतिकक्षाच्या दारात उभी राहून ती पुन्हा पुन्हा म्हणाली, "चार्ज परत द्या."

'दिला' असे आतून कोणी म्हणाले नाही.

आता तिथे महादेवी एकटी आहे. परवा तिचा गीतांजलीला फोन आला. मागे वॉर्डात कोणीतरी कण्हत होते.

"ताई, आज प्रसूतीच्या खोलीतून आतून विचारलं."

"काय?"

"'दमलीस गं. वॉर्डाचाबी चार्ज देतीस का?'"

"अन् तू? तू काय म्हणलीस, महादेवी?"

फोन चालूच होता. मागचे कण्हणे तेवढे थांबले होते.