तिसरी सीट

दोन हजार दोन साल. मंचरला भगवंतच्या गॅरेजात जुनी गाडी घ्यायला येणारं गिऱ्हाईक आधी रंग बघायचं, मग टेप वाजतो का ते. महाळुंगे पडवळच्या उज्ज्वलानं मात्र दुधाचे दोन रिकामे कॅन खाली ठेवले अन् म्हणाली, “डिकी उघडा.”

लाल गाडीत एकच कॅन मावला. जीपमध्ये दोन्ही मावले, पण ती लिटरला किती पळते हे ऐकून तिनं हातच जोडले.

“दोन कॅन, गुडघे धरलेली आई अन् मी. साठ हजारांत बसवा,” ती म्हणाली. “एक तारखेपासून पेढेवाल्याला सातला दूध पायजे. आमची एसटी येती साडेआठला. न्हाई जमलं, तर तो दुसरा गवळी बघणार.”

सगळी पेठ भगवंतला भाऊ म्हणायची. ही काही म्हणेना... अन् तिथंच गडी घसरला.

दुसऱ्या रविवारी तिला निळी गाडी पसंत पडली.

“इंजिन ऑइल खातंय. नका घेऊ,” भगवंतच म्हणाला. हातातलं गिऱ्हाईक घालवलं की येड्यानं! उज्ज्वला त्याच्याकडं बघतच राहिली.

तिसऱ्या रविवारी तिची मागणी वाढली. “आणखी एक सीट लागंल.”

“कुणाला?”

“हाय एक जण...”

भगवंतचं तोंड कडू झालं. आदल्याच दिवशी तिच्या मापाची पांढरी व्हॅन आली होती अन् त्यानं ती ताडपत्रीखाली झाकली होती. आता त्यानं ती काढलीच नाही.

चौथ्या रविवारी ती थकून आली. “परवा एक तारीख. ऱ्हाऊ द्या आता.”

त्यानं ताडपत्री ओढली. “आठ दिवस लपवली. गाडी नेली, की तुमी यायच्या बंद व्हाल म्हणून...”

“अन् माझं गिऱ्हाईक गेलं असतं म्हंजे?”

त्यानं किल्ली पुढं केली. तिनं कॅन ठेवून बघितले, सीटा मोजल्या, पैसे दिले अन् मागं न बघता निघून गेली. ट्रॅक्टर चालवून तिचा हात बसलेला, व्हॅन सरळ पळाली.

एक तारखेला पेढेवाल्याचं शटर वर जायच्या आधी व्हॅन दारात उभी होती. दूध उतरवून ती थेट गॅरेजात आली. मागं आई, पुढं उज्ज्वला, शेजारची सीट रिकामी.

“बसा,” उज्ज्वला म्हणाली.

“ती सीट तर...”

“तुमी निळ्या गाडीचं खरं सांगितलं, तवाच तुमच्यासाठी धरली व्हती. ताडपत्रीमुळं दोन दिवस लई राग आला, ते निराळं.” ती हसली. “आईला तुमच्या घरचा रस्ता ठाव न्हाई. दाखवा.”

भगवंत ऑइलच्या हातांनीच आत बसला. मागून आई म्हणाली, “दार जोरात ओढा, पावणं.”