तिसऱ्या बरणीवरचा श्वास

सांगतो, पण मध्येच हसू नका. मी केमिस्ट माणूस. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की हातातली तंबाखू झटकून उठणारा.

शहाऐंशीचा एप्रिल. तुळजापूरच्या अलीकडं आमचा सहकारी साखर कारखाना आणि त्याला लागून मळीपासून अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी. मळी आंबवायची ती यीस्टनं. यीस्ट म्हातारं झालं की काम टाळतं, म्हणून त्याच्या वयाचा अभ्यास करायला विद्यापीठानं सहा महिन्यांसाठी इन्फ्रारेड यंत्र दिलं होतं. वाळवलेलं यीस्ट मिठासारख्या भुकटीत दाबून टिकली करायची आणि तिच्यातून न दिसणारा किरण सोडायचा. वय वाढेल तशी पेशीनं साठवलेली चरबी, साखर त्या किरणाचा आपापला घास घेतात आणि कागदावर पेन तशी रेघ ओढतं.

शांताक्काला यंत्र लागत नसे. वीस वर्षं ती यीस्टच्या बरण्या सांभाळत होती. डोळे मिटून बरणीवर वाकायची आणि म्हणायची, "सायेब, हे नऊ दिसाचं. दमलंय." मी संध्याकाळपर्यंत खपून रेघ काढायचो आणि नऊच निघायचे. एकदा नव्हे, एकतीस वेळा! मला तिचा हेवा वाटायचा, खरं सांगतो. तशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

एक खोड मात्र होती. यंत्र चालू असतानाही ती वाकायची. माणसाच्या उच्छ्वासातला वायूही किरण गिळतो. रेघेत एका ठरावीक जागी खड्डा पडतो. "आक्का, श्वास धरा," मी ओरडायचो. "धरला तर वास कसा यील वो?" ती हसायची.

त्या उन्हाळ्यात ऊन लागून ती गेली. आठव्या दिवशी ऑफिसातून निरोप आला: मळी पातळ करायला पाण्याचा टँकर एकच मिळालाय, एकच टाकी भरेल. तीन बरण्यांतलं कुठलं यीस्ट टाकायचं ते दुपारपर्यंत सांगा. चुकलं तर मळी नासणार, डिस्टिलरी बंद पडणार आणि साठ रोजंदारीची माणसं त्या दुष्काळात घरी बसणार.

मी लॅबचं दार लावून घेतलं. पहिल्या बरणीची रेघ कोवळी निघाली, अगदी दोन दिवसांची. दुसरी आणि तिसरी थकलेली. मी कागद फाडणार, तोच तिसरीच्या रेघेत तो खड्डा दिसला. मी तर चार हात लांब उभा होतो...

टिकली पुन्हा ठेवली. भिंतीला पाठ लावून श्वास धरला. खड्डा आणखी खोल गेला. पहिलीवर काही नाही. दुसरीवरही नाही. तिसरीवर मात्र पेन थरथरत खाली... खोलीत मळीचा आंबूस वास होताच, आता त्यात शांताक्काच्या खोबरेल तेलाचा वास मिसळला.

"आक्का?" मी हाक मारली.

मी तिन्ही रेघा शेजारी शेजारी ठेवल्या. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तरुणपणीच मेलेली पेशी यंत्राला तरुणच दिसते! पहिली बरणी उष्म्यानं मेली होती, दुसरीही; म्हणूनच आक्का त्यांच्यावर वाकली नव्हती. तिसरी दमलेली, पण जिवंत. मला एम.एस्सी.वाल्याला जे सुचलं नाही, ते तिला मेल्यावरही कळलं होतं. हात आपोआप जोडले गेले.

टाकीत तिसरी बरणी टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी फेस काठाला आला. साठ माणसांची चूल वाचली. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात ईरण्णा लॅबमध्ये आला. टाकीवरचा नवा माणूस, कालच आळंदकडून कामाला आलेला. लॅबच्या चाळीस लोखंडी पायऱ्या धावत चढून आला होता.

"सायेब, टाकीवर एक म्हातारी वाकलीया. डोळे मिटून. मला म्हणली, ये, बघ कसं जितं हाय..."

त्या फेसावर उच्छ्वासातल्याच त्या जड वायूचा थर असतो. तिथं वाकलेला माणूस दोन मिनिटांत कोसळतो.

"तू वाकलास?"

"व्हय. लई येळ. तासभर असंल."

मी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तो सगळं प्यायला, हसला. त्याच्या शर्टाच्या बटणांकडे मी कितीतरी वेळ बघत राहिलो. छाती हलत नव्हती.