एका भरतीत सुळका

भर समुद्रात उभ्या असलेल्या काळ्या सुळक्याला वळसा घालून एकाच भरतीत परत यायचं, एवढाच बेत होता. एवढाच! बंदराच्या तोंडाशी वाळूचा लांबच लांब दांडा होता. भरती चढली की त्याच्यावरून बोट बाहेर काढता यायची. ओहोटी लागली की दांडा उघडा पडायचा, आणि बाहेर राहिलेल्याला पुढच्या भरतीपर्यंत बाहेरच राहावं लागायचं. मधल्या वेळात सुळका करून येणं आजवर कोणालाही साधलं नव्हतं. बढाया पुष्कळांनी मारल्या होत्या. बढायांना कुठे इंधन लागतं?

दादाने मात्र खरोखरच विडा उचलला होता. बोट घरच्या कारखान्यात बांधलेली, मामाच्या हातची. मामाने जन्मभर मासेमारीच्या जाडजूड, पोट सुटलेल्या होड्या बांधल्या होत्या. ही त्याची पहिलीच वेगाची बोट. लांब, अरुंद आणि नको तितकी हलकी. अशा बोटीत चाक एकाकडे आणि वेग कमीजास्त करणारा थ्रॉटल दुसऱ्याकडे असतो, कारण भरधाव वेगात चाकावरचा एक हातही काढायची सोय नसते. चाक दादाकडे होतं. इंजिन आणि इंधनाच्या दोन्ही टाक्या मामा बघणार होता. आणि थ्रॉटल होता धाकटीच्या हातात.

इथेच लोकांच्या पोटात दुखलं होतं. "थ्रॉटलवर बहीण? पहिल्या मोठ्या लाटेला हात मागे घेईल, बघाल!" धक्क्यावर जो तो हेच म्हणत होता. दादा सगळ्यांना पुरून उरला. "माझी बहीण हात मागे घेणार नाही," तो छातीठोकपणे सांगायचा. धाकटीने ते ऐकलं होतं आणि मनाच्या तळाशी जपून ठेवलं होतं. दादाचा शब्द खोटा पडू नये, एवढंच तिला त्या दिवशी हवं होतं.

दांड्यावर पाणी चढलं आणि ते सुटले!

पहिला टप्पा बेटांच्या मधून होता. दोन्ही बाजूंना गवताळ उतार, खडकांवर पंख वाळवत बसलेले पक्षी, आणि मधून काचेसारखं सपाट हिरवं पाणी. तिथे माणसाची वस्ती नव्हती, की एखादी पायवाटही नव्हती. धाकटीने अंगठ्याखालचं बटण दाबून इंजिनाचा कल बदलला, तसं बोटीचं नाक वर उचललं गेलं. बोट आता फक्त मागच्या हातभर पट्टीवर धावत होती. पाण्याला जितकं कमी चिकटावं तितका वेग जास्त, आणि तितकाच तोलही नाजूक.

"ओंडका!" मामा ओरडला.

दादाने चाक फिरवलं. धाकटीने वेग किंचित उतरवला, नाक पाण्यात टेकू दिलं, आणि वळण संपताच पुन्हा चढवला. ओंडका अगदी बाजूने गेला.

"हेल्मेटच्या आत टक्कल घामाने भिजलंय माझं," मामा माइकवरून म्हणाला. "घरी सांगू नका, नाहीतर मामी पुन्हा घराबाहेर पडू देणार नाही."

बेटं संपली आणि उघडा समुद्र लागला. लाटा मागून येत होत्या. एकेका लाटेच्या माथ्यावरून बोट हवेत जायची, थाडकन आदळायची आणि तिघांचेही दात एकमेकांवर आपटायचे. सुळक्यापाशी प्रवाह उलटसुलट खेचत होता. दादाने दात-ओठ आवळून चाक धरलं आणि बोट त्या काळ्या कड्याच्या सावलीतून ओढून बाहेर काढली. झाला, वळसा झाला! हाताशी वेळही होता! तिघेही वेड्यासारखे ओरडले.

परतताना वारा समोरून आला.

बोट जरा डावीकडे कलली. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे, पहिल्यापेक्षा जास्त. दादा चाकाने सावरायला गेला, आणि प्रत्येक वेळी सावरणं क्षणभर उशिरा पडून हेलकावा उलट वाढतच गेला. तेवढ्यात एका लाटेवरून नाक उचललं गेलं आणि खाली यायचं नावच घेईना. समोर पाणी दिसेना. नुसतं आभाळ!

धाकटीचा हात म्हणत होता, ओढ मागे! एका झटक्यात ओढ! पण वेग असा झटक्यात तोडला, की उचललेलं नाक कोसळून पाण्यात रुततं आणि बोट त्याच्याभोवती गरकन फिरते. त्या वेगाला पाणी फरशीसारखं लागतं. तिला हे पाठ होतं. हाताला नव्हतं.

तिने श्वास रोखला. थ्रॉटल केसभर मागे. थांबली. अंगठ्याने कल खाली. पुन्हा केसभर.

"कमी करू नकोस!" दादा ओरडला. "पोहोचतोय आपण!"

केसभर. डावीकडचा हेलकावा लहान झाला. केसभर. नाक टेकलं. बोट पाण्यात बसली, फेस मागून पुढे गेला, आणि एकाएकी इतकं शांत वाटलं की तिला स्वतःचंच धापा टाकणं ऐकू आलं.

"मामा," ती म्हणाली, "आपण कुठल्या टाकीवर आहोत?"

"मागच्या. पुढची सुळक्याच्या आधीच संपली."

"आधी पुढची का संपवलीस?"

"आधी पुढचीच संपवतात की! आपल्याकडे पहिल्यापासून..." मामा बोलता बोलता थांबला. जड होडीचं नाक लाटेत घुसतं, म्हणून ते आधी हलकं करायचं, ही कारखान्याची पिढीजात रीत. नव्या बोटीलाही त्याने सवयीने तीच लावली होती. हिचं नाक तर आधीच पिसासारखं होतं! आता ते धरून ठेवायला पुढे वजनच उरलं नव्हतं. मामाने कपाळावर हात मारून घेतला. तो हेल्मेटवर लागला.

"वजनच हवंय ना?" तो लगेच म्हणाला. "मी आहे की. नाकातल्या सामानाच्या खोबणीत पालथा पडतो. इतकी वर्षं खाल्लेलं आज कामी येऊ दे!"

"बास!" दादाचा चेहरा उजळला. "वेळ आहे अजून. मामा, जा पुढे. धाकटे, दे वेग!"

मामा निघालासुद्धा. धाकटीने त्याचा पट्टा मागून धरला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"समोरून लाटा आहेत, दादा. त्या वेगाने सगळे दणके तिथेच बसणार. मी मामाला तिथे ठेवून वेग देणार नाही."

"अगं, तो स्वतः म्हणतोय!"

"म्हणू दे."

दादाने तिच्याकडे बघितलं. "तुला घेतलं, तेव्हा सगळे सांगत होते मला," तो म्हणाला. तिच्या वर्मी लागलं. तिला रडू फुटणार होतं, पण समोर लाट होती आणि थ्रॉटल तिच्या हातात होता. तिने बोट संथ चालवली.

ते दांड्याशी आले तेव्हा वाळू उघडी पडली होती आणि तिच्यावर पक्षी चालत होते.

जवळच्या बेटाच्या आडोशाला त्यांनी नांगर टाकला. बोटीतलं पाणी उपसणारा पंप थांबत नव्हता. "कुठून येतंय बघतो," म्हणत दादा विजेरी घेऊन नाकाच्या खोबणीत सरपटत गेला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत राहिले.

"काय रे?" मामाने विचारलं.

धाकटी वाकून त्याच्या शेजारी घुसली. खोबणीच्या तळाची जाड फासळी दणक्यांनी मधोमध मोडली होती. तुटलेलं टोक भाल्यासारखं वर उभं होतं, पालथ्या पडलेल्या माणसाची छाती जिथे यावी, नेमकं तिथे. दादाने त्या टोकावर हात ठेवला होता.

"मी दिला असता गं वेग," तो हळूच म्हणाला. "थ्रॉटल माझ्याकडे असता तर दिला असता मी."

आणि एवढा मोठा दादा तिथेच, अंधारात, लहान मुलासारखा रडायला लागला. धाकटीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

संध्याकाळच्या भरतीबरोबर ते आत आले. धक्क्यावर गर्दी होती. "हात मागे घेतला ना बहिणीने?" कोणीतरी हसून विचारलं.

"घेतला," दादा मोठ्याने म्हणाला. "आणि पुढच्या वेळीही थ्रॉटलवर तीच!"

मामी गर्दीतून वाट काढत पुढे आली. वाट बघून तिचा चेहरा उतरला होता. "हरलात ना?"

"हरलो, मामी," दादाने मामाला हात देऊन धक्क्यावर चढवलं. "मामाला आणलंय."