रिकाम्या पिंजऱ्याचं वजन

यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, आणि न ठेवणाऱ्यांत ही समोर बसलेली आमची नात पहिली. तरी सांगतो. मला चोर ठरवलं, ते अजून घशाखाली उतरत नाही.

मधमाश्यांच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं वजनं घेतली. एका पिंजऱ्यात वीस माश्या, वर साखरपाण्याची नळी. रोज सकाळी नळी तोलायची; कालच्यापेक्षा जेवढी हलकी, तेवढं माश्यांनी खाल्लं. पण थोडं पाणी नुसतंच उडून जातं. ते किती, हे कळावं म्हणून एक पिंजरा नळीसकट रिकामा ठेवायचा. काट्यावर श्वास पडू नये म्हणून मी तोंडाला रुमाल बांधायचो. आता बोला!

एका सोमवारी रिकाम्या पिंजऱ्याची नळी एक ग्रॅमनं हलकी भरली. वीस माश्यांचं जेवण.

बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काका, गोड खावंसं वाटलं तर सांगायचं होतं."

"बाई, मला मधुमेह आहे!"

"म्हणूनच चोरून."

सगळे खिदळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे नळीसकट पिंजऱ्याला लाखेची मोहर लावली, वर बाईंची सही घेतली.

मंगळवारी मोहर शाबूत. ती फोडून तोलली, तर नळी पुन्हा एक ग्रॅमनं हलकी.

मग मी पिंजराच काट्यावर ठेवला. वहीतल्या रिकाम्या वजनापेक्षा दोन ग्रॅमनं जड. वीस माश्या एवढ्याच भरतात.

पिंजरे ठेवायच्या उबदार कपाटातून काढून तास झाला होता, तरी जाळी कोमट होती. बोट टेकवलं. ती बारीक थरथरत होती.

आत काही नव्हतं.

बाईंनी आकडा पाहिला, वहीतली माझी नोंद खोडली. "उद्यापासून येऊ नका." तीस वर्षं, एका रेघेत!

"आणि पिंजरा?" नातीनं विचारलं.

"ठेवला तिथेच टेबलावर. ताठ मानेनं बाहेर पडलो. पुन्हा तोंड पाहिलं नाही त्याचं."

"खोटं, आजोबा!" तिनं कप खाली ठेवला. "मग तुमच्या खोलीतल्या कपाटावर काय आहे? तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हा रोज साखरपाणी मीच तर भरत होते."

तिनं आपले तळहात उलटून पाहिले.

"आणि काल तो मला दोन्ही हातांनीसुद्धा उचलला नाही."