डिस्कवरची मोकळी जागा

"हे टूल लिहिणारा माणूस एकदा माझ्यासमोर येऊ दे, मग बघते त्याच्याकडे," असं म्हणत मी डिस्क काउंटरवर ठेवली. ठेवली म्हणजे, आपटलीच.

गेमची मशीनं दुरुस्त करण्याचं ते छोटंसं दुकान. कोऱ्या डिस्क घ्यायला मी सहज शिरले होते. काउंटरमागचा माणूस डोळ्याला भिंग लावून एका सर्किटला डाग देत होता. त्याने मान वर केली. भिंगामागे त्याचा एकच डोळा एवढा मोठा दिसत होता, की एरवी मला हसू फुटलं असतं. पण त्या दिवसांत हसणं माझ्या यादीतच नव्हतं.

"काय केलं बिचाऱ्याने?"

"बिचारा? 'घुबड' नाव घेऊन बसलाय इंटरनेटवर कुठेतरी. टूल फुकट वाटतो आणि कुणी काही विचारलं की गप्प. जुन्या गेमच्या डिस्कमधल्या फाइली त्याच्या टूलने बाहेर काढल्या, अक्षरं मोठी केली, त्याच टूलने परत डिस्क बांधली. आता काय होतं? कंपनीचा लोगो येतो... आणि मग काळा पडदा."

त्याचे कान लाल झाले. सोल्डरिंगच्या धगीने असेल, असं मला वाटलं.

"अक्षरं मोठी कशाला?" त्याने विचारलं.

अनोळखी माणसाला घरचं सांगायची मला सवय नाही. तरी... सांगितलं. मला वाचता येत नव्हतं तेव्हा बाबा मला त्या गेममधले संवाद वाचून दाखवायचे. राजाचा आवाज घशातून, चेटकिणीचा नाकातून. शेवटचा भाग तेवढा राहिला आणि मी शिकायला होस्टेलवर गेले. "तू परत आलीस की पुढचं," ते म्हणाले होते. मी परत आले, लायब्ररीत नोकरीला लागले, आणि आता बाबांच्या नजरेचा मधलाच भाग पुसट होत चाललाय. गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. राहिलंय ते किती टिकेल, ते त्यांनाही सांगता येईना.

"मग तुम्हीच वाचून दाखवा त्यांना."

"म्हटलं मी. तर म्हणतात, वाचायचं काम माझं, तू फक्त बटणं दाब."

त्याने भिंग काढलं. दोन्ही डोळे एका मापाचे निघाले, आणि बरे होते. "डिस्क राहू द्या," तो म्हणाला. "उद्या या."

मग माझा नेमच झाला. लायब्ररी सुटली की दुकान. मी आत पाऊल टाकलं की तो न बघताच विचारायचा, "काय मॅडम, आज कोणत्या रंगाचा पडदा?"

"काळाच. तुमच्याकडे दुसरा रंग मिळतो का?"

"मिळेल. पण रोज यावं लागेल."

असं काहीतरी बोलायचा आणि लगेच स्क्रूड्रायव्हर शोधायला लागायचा, जो त्याच्या हातातच असायचा. नवीन डिस्क लिहायची, मशीनमध्ये घालायची, आणि दोघांनी श्वास रोखून बसायचं. लोगो यायचा. मग काळं. तो माझ्याकडे असं बघायचा, की जणू गुन्हा त्याचाच. मला ते आवडायला लागलं होतं, आणि ते आवडतंय याचीही मला काळजी वाटत होती. मी काळजी करण्यात पटाईत आहे. कुलूप लावल्यावर परत जाऊन ओढून बघणाऱ्यांपैकी.

घरी बाबा दाराची चौकट बघून म्हणाले, "ही मधे वाकडी झालीय का गं?" चौकट सरळ होती. मी "हो, थोडी," म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे माझं रडणं ऐकू जाणार नाही.

आमच्या मशीनची लेन्स साफ करायला तो एका दुपारी घरी आला. बाबांच्या खुर्चीजवळच्या टेबलावर मशीन उघडायचं म्हणून त्याने वरचं सगळं उचलून ठेवलं. काम झाल्यावर मी ते परत लावलं. मी पडले लायब्ररीवाली. औषधं एका रांगेत, चष्मा कोपऱ्यात, रेडिओ मागे, पाण्याचा पेला त्याच्याशेजारी. टेबल कसं देखणं दिसायला लागलं.

बाबांनी नेहमीसारखा हात लांब केला. तिथे पेला नव्हता, रेडिओ होता. हात बाजूला चाचपडला आणि धक्का लागून पेला खाली पडला.

"अगं, मी वस्तू बघून घेत नाही आता," बाबा ओशाळून म्हणाले. "जागेवरून घेतो. तू आवरलंस की मला माझंच घर सापडत नाही."

मी फडकं आणायला वळले, तर तो जागीच खिळलेला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"गेमसुद्धा..." तो थांबला. "गेमसुद्धा फाइल नावाने शोधत नाही. अमुक जागेवर अमुक आहे, एवढंच त्याला ठाऊक असतं. आणि टूल डिस्क परत बांधताना सगळ्या फाइली नावाप्रमाणे रांगेत लावतं. आवरून ठेवतं."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

तो बाहेर जिन्यापर्यंत गेला, मी मागोमाग. मग पायरीकडे बघत म्हणाला, "मीच लिहिलंय ते टूल."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि डोकं तडकलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही माझी गंमत बघत होतात?"

"चूक शोधत होतो. सापडली की सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर... तुम्ही परत आला नसता."

"आणि लोकांना उत्तरं का देत नव्हतात?"

"द्यायचो पूर्वी. मग टूलच्या पानावर 'वाळवी' नावाच्या कुणीतरी लिहिलं, की ज्याने कधी कुणासाठी जीव टांगणीला लावून वाट बघितली नाही, त्यानेच हे टूल लिहिलं असणार. त्यानंतर हिंमतच झाली नाही."

मी जिन्याचा कठडा घट्ट धरला. वाळवी म्हणजे मीच. पुस्तकांत राहते म्हणून घेतलेलं नाव.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "बरोबरच लिहिलं होतंत," एवढंच म्हणाला आणि उतरून गेला.

मग दुकानाला कुलूप. दुसऱ्या दिवशीही. माझ्या मनात नको नको ते. रागावला असेल, गाव सोडलं असेल, आणि मी इथे बाबांच्या डोळ्यांची काळजी करायची सोडून त्याच्या कुलपाची करत होते... आता तो आला नाही तर माझं काहीतरी कायमचं बिघडेल, आणि त्यावर कुठलंच टूल नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, हातात डिस्क. "पुढे कुलूप लावून मागच्या दाराने आतच बसलो होतो," तो म्हणाला. "सगळ्या फाइली आता जिथल्या तिथे आहेत. फक्त तुमची मोठ्या अक्षरांची फाइल फुगलीय, ती जुन्या जागेत मावेना. तिला डिस्कच्या शेवटी मोकळ्या जागेत ठेवली आणि गेमला तिचा नवा पत्ता सांगून ठेवला."

"आणि नाही चाललं तर?"

"तर उद्या परत येईन. परवाही. तुझ्यासाठी वाट बघायला शिकलोय मी."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मी त्याच्या हातातली डिस्क घेतली, आणि हात मात्र सोडला नाही.

बाबा टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले. लोगो आला. काळा पडदा. मशीन घरघरत राहिलं. माझी बोटं त्याच्या मुठीत गार पडत चालली होती. घरघर थांबली, परत सुरू झाली... आणि पडद्यावर, मी होस्टेलला जाताना आम्ही थांबलो होतो तिथलंच किल्ल्याचं दार उघडलं. खाली अक्षरं आली, हाताच्या पंजाएवढी.

बाबांनी मान थोडी तिरकी केली. हल्ली ते कडेच्या नजरेने बघतात. घसा खाकरला आणि राजाच्या आवाजात, अडखळत, एकेक शब्द वाचायला लागले. मग चेटकीण आली. आवाज नाकातून. मी बटणं दाबत होते आणि मला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

शेवटचा संवाद वाचून झाल्यावर बाबांनी खुर्ची परत टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "चहा टाक गं. तिघांचा."

मी कप आणले, टेबलाशी आले आणि थबकले. बाबांचा कप त्याच्या जागी. माझा माझ्या. तिसरा हातातच राहिला.

"त्याचा कुठे ठेवतेयस?" बाबांनी विचारलं.

"कुठेही, बाबा."

"कुठेही नाही. दोघं मिळून काय ती एक जागा ठरवा," ते म्हणाले आणि हात टेबलावर पसरून वाट बघत राहिले. "पण एकदा ठरवलीत की हलवायची नाही. पुढे मला दिसेनासं झालं, तरी माझ्या हाताला तो कप लागला पाहिजे."