दोन सीटची सायकल

मी मोटार चालवायला शिकवते. बावीस वर्षं झाली. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, माझ्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, आणि दिवसातून चाळीस वेळा एकच वाक्य म्हणायचं: मागे बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही मला हसणार आहात. खुशाल हसा, फक्त हसून झालं की शेवटपर्यंत ऐका.

माझी ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. घड्याळं दुरुस्त करायची. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणारी बाई, आणि तिचेच डोळे गेले. हळूहळू, कडेकडून आत. त्यानंतर दोन वर्षं ती घराबाहेर पडली नाही. खिडकीशी खुर्ची, रेडिओ, आणि कुणी भेटायला आलं तर "झोपलेय म्हणून सांग". मी हात धरला की झटकून टाकायची, नाही धरला की उंबरठ्याला अडखळायची. रोज एकदा तरी आमचं वाजायचं.

शहराबाहेर रेल्वेचा एक जुना फाटा होता. गाड्या बंद झाल्या, रूळ उचलले, आणि त्या पट्ट्यावर सायकलींसाठी रस्ता केला. मोटारींना सक्त बंदी. जंगलातून, डोंगराच्या कुशीतून, दगडी पुलांवरून तीस किलोमीटर. वाटेत एक पडका बुरूज, ओस स्टेशनं आणि एक बोगदा. सुरुवातीलाच एक सायकलवाला दोन सीटच्या सायकली भाड्याने देतो. एकामागे एक दोन सीट, दोघांना वेगवेगळी पेडलं, पण साखळीने एकमेकांना बांधलेली. एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. मी पंधरा दिवस ताईच्या मागे लागले तेव्हा कुठे ती तयार झाली.

"एकदाच येते," ती म्हणाली. "मजा आली नाही तर पुन्हा मला बाहेर काढायचं नाव घ्यायचं नाही. मी खुर्चीत बरी आहे."

ती जे बोलते ते करते. म्हणून तो एक दिवस मला वाया घालवायचा नव्हता.

सायकलवाल्याने ताईची सीट खाली केली आणि मला नियम सांगितला. "पुढच्याला मागचा दिसत नाही. आरसा नाही. मागचा बसला, पाय पेडलवर ठेवले, की तो पुढच्याच्या पाठीवर दोनदा थोपटतो. मग निघायचं, त्याआधी नाही. दर वर्षी कुणीतरी नवऱ्याला झाडाखाली सोडून जातं."

"काही जणी मुद्दाम सोडत असतील," ताई म्हणाली. दोन वर्षांतला तिचा पहिला विनोद. मी सायकलवाल्याला मिठीच मारणार होते.

आणि काय सांगू, सकाळ इतकी सुरेख गेली. पाठीवर टक टक, ताईच्या दोन बोटांची, घड्याळाची काच तपासावी तशी हलकी. मी निघायचे. मी दिसेल ते ओरडून सांगायचे आणि ती माझ्या चुका काढायची. "पूल म्हणालीस, पण तीन कमानींचा असणार. आवाज तीनदा बदलला." मोजल्या तर तीनच. बुरुजापाशी आम्ही उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. उतारावर तिने दोन्ही हात सोडून वाऱ्यात पसरले, आणि मी मात्र नसलेला ब्रेक शोधत पायाने हवा दाबत होते.

दुपारी तीनच्या सुमारास झऱ्यापाशी थांबलो. तिथेच बिनसलं. ताई ओल्या दगडावर पाय ठेवणार एवढ्यात मी तिचा दंड धरला.

"सोड," ती म्हणाली. "सकाळपासून मला सामानासारखी उचलतेयस, ठेवतेयस. पाच मिनिटं सोड मला."

मलाही राग आला. मी बाटली भरली, सायकल रस्त्यावर घेतली, सीटवर बसले आणि पाठ करून म्हणाले, "निघू या का मग?" उत्तर नाही. पण सायकल मागच्या बाजूला किंचित दबली, आणि पाठीवर दोनदा थोपटलं गेलं. या वेळी बोटांनी नव्हे, अख्ख्या तळव्याने. तळवा ओला आणि गार होता. झऱ्यात हात धुतले असतील, मला वाटलं. मी निघाले.

चढ होता, पण सायकल कशी पळत होती. ताई रागाने पेडल मारतेय असं समजून मी मनात खूश झाले. मी बोलत राहिले, ती गप्प. मग बोगदा आला. आत गार हवा, ओल्या दगडाचा आणि जुन्या काजळीचा वास, आणि भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे. पूर्वी गाडी आली की रुळांवरचे कामगार त्यात अंग चोरून उभे राहत. माझ्या पायांत गोळे आले होते.

"ताई, मी जरा पाय वर घेते हं," मी म्हणाले, आणि पाय दांड्यावर टेकवले. माझी पेडलं रिकामी फिरत राहिली. संथ, एका लयीत.

"रुसलीस अजून?" मी विचारलं. बोगद्याने माझंच वाक्य परत दिलं. मागून फक्त श्वास ऐकू येत होता... जड श्वास. म्हटलं, बिचारी दमली.

बोगद्याच्या पलीकडे जुन्या स्टेशनात चहाचं दुकान आहे. तिथे थांबले, सायकल धरली आणि म्हणाले, "उतर सावकाश." मग मागे बघितलं.

मागची सीट रिकामी होती.

तेव्हा मला भुताचं काही सुचलं नाही. एवढंच सुचलं की डोळ्यांनी अधू बहिणीला मी जंगलात पाण्याच्या कडेला एकटी सोडून आलेय. सायकल वळवली. बोगदा कसा पार केला, आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सायकल दगडासारखी जड झाली होती, आणि पाय थांबवले की पेडलं लगेच थांबत होती.

ताई झऱ्यात पाय सोडून बसली होती. गुणगुणत होती.

"एकेचाळीस मिनिटं," ती म्हणाली. घड्याळाशिवायही तिला वेळ चुकत नाही.

मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती मला थोपटत राहिली, त्याच दोन बोटांनी. "आधी तुला शिव्या घातल्या. मग घाबरले. मग लक्षात आलं, आता कुणी धरणारच नाहीये. उठले. झाड चाचपलं. पाण्याचा आवाज धरून इथवर आले. पडले नाही गं. दोन वर्षांत मला कुणी क्षणभर विसरलं नव्हतं. तू विसरलीस. इतकं बरं वाटलं मला."

मी डोळे पुसले. "ताई... निघताना तू माझ्या पाठीवर थोपटलंस ना?"

"वेडी का तू? मी दहा पावलं लांब, झाडाखाली बसले होते. म्हटलं, ही बया निघाली कशी?"

मला परत फिरायचं होतं, घराच्या दिशेला, त्या बोगद्याला पाठ करून. मी म्हणाले, उशीर झालाय. ताईने पाय पुसले आणि बूट चढवले.

"बोगदा राहिला ना? तो ऐकल्याशिवाय मी जायची नाही. अर्ध्यावरून परतायचं असेल तर पुढच्या वेळी बोलवूच नकोस."

पुढच्या वेळी, म्हणाली ती. तिच्या तोंडून हे ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते. आता नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा खुर्चीत जाऊन बसली असती. मी एवढंच म्हणाले, "बोगदाभर मोठ्याने गात राहायचं. थांबायचं नाही." पाठीवर दोन बोटं टकटकली. हात लावून खात्री केली, ताईच होती.

बोगद्यात तिचा आवाज असा घुमला की मीही भीती विसरून गायला लागले. ती टाळ्या वाजवत होती. दोन म्हाताऱ्या, बेसूर, आणि इतक्या आनंदात. अर्ध्या वाटेवर टाळ्या थांबल्या.

"हे काय गं?"

"काय?"

"माझ्या पाठीवर कशाला थोपटतेस?"

माझे दोन्ही हात हँडलवर होते.

"तू तर पुढे आहेस..." ताई हळूच म्हणाली. "गार आहे हात. दोनदा थोपटलं."

मी हँडल आणखी घट्ट धरलं आणि पेडल मारत राहिले.

"मी पाय वर घेतलेत," ताई म्हणाली. "तूही घे बरं."

मी घेतले. दोघींचे चार पाय वर, आणि खाली चारही पेडलं फिरत होती. संथ, एका लयीत. सायकल आणखी जोरात निघाली. लांबवर उजेडाचा ठिपका दिसायला लागला.

"बघ ना मागे," ताई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, लहान मुलीची उत्सुकता होती. "मला दिसत नाही. तू बघ आणि सांग, कोण आहे."

बावीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट शिकवत आलेय. मी नजर समोरच्या उजेडावरून हलवली नाही.

"कुणी नाही," मी म्हणाले.

"बघितलंच नाहीस तू," ताई म्हणाली, आणि खळखळून हसायला लागली. आणि तिच्या पाठीमागे, तिचं हसणं संपल्यावरही, कुणीतरी हसत राहिलं.