करडे चौकोन

फोटो लॅबच्या काउंटरवर दिवसातून एकदा तरी कोणीतरी येऊन मुठीतलं कार्ड पुढे करायचं आणि म्हणायचं, "फोटो होते हो, आता दिसत नाहीत." ताईला त्याचं नवल राहिलं नव्हतं. ती ठरलेले प्रश्न विचारायची. कार्ड खिशात राहून धुतलं गेलं का? कॅमेरा चालू असतानाच उपसून काढलं का? दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात घातलं होतं का? लोक आधी सगळ्याला नाही म्हणायचे आणि मग चहा येईपर्यंत एकेक गोष्ट कबूल करायचे. फोटो बहुतेक वेळा कार्डातच असायचे, फक्त ते कुठे ठेवलेत याचा कार्डाला विसर पडलेला असायचा. ताई समजावून सांगायची, "घर शाबूत आहे, पत्ता हरवलाय. शोधू."

ती सख्खी ताई एकाच माणसाची, पण हाक सगळ्या गल्लीची झाली होती. तो एक माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याला घरीदारी मेजर म्हणत. सैन्याशी त्याचा संबंध नव्हता, पाण्याच्या पंपांच्या दुकानात तो विक्रीला होता. पण घरातला कुठलाही फोटो काढायचा म्हटलं की तो सगळ्यांना रांगेत उभं करायचा, हनुवट्या वर करायला लावायचा आणि कोणी हललं तर पुन्हा पहिल्यापासून. नाव तिथून पडलं.

तो मेजर एका दुपारी स्वतःचं कार्ड घेऊन आला. गेल्या महिन्यात आईच्या वाढदिवसाला सगळे तळ्यावर गेले होते, तेव्हाचे फोटो.

"निम्मे दिसतात. बाकीचे नुसते करडे चौकोन," तो म्हणाला.

"धुतलंस?"

"नाही."

"उपसून काढलंस?"

"ताई, मी तुझा भाऊ आहे. एवढी तरी अक्कल असेल ना मला."

"कॅमेऱ्यानं काही विचारलं होतं का?"

"विचारलं होतं. काही फायली वाचता येत नाहीत, काढून टाकू का, असं काहीतरी. मी हो दाबलं."

"वाचलंस तरी का?"

"घाईत होतो गं."

ताईनं कपाळावर हात मारून घेतला आणि कार्ड ठेवून घेतलं.

गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर ती कामाला लागली. खोडरबरानं कार्डाच्या सोनेरी पट्ट्या हलकेच पुसल्या. बाजूची लॉकची छोटी कळ बघितली. एका कार्ड-रीडरमधून काढून दुसऱ्यात घातलं, मग दुकानातल्या जुन्या कॅमेऱ्यात. कुठेही तेच. निम्मे फोटो झटक्यात उघडत होते. उरलेल्यांची नावं होती, तारखा होत्या, आकारही बरोबर होता, पण उघडले की करडा चौकोन.

उघडणारे फोटो तिनं सवयीनं चाळले. तळं, झाडं, बाकावरची आई, चटईवर आडवा झालेला मेजर, डबे उघडणारी त्याची बायको. मग एक चौघांचा आला. आई मध्ये, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मेजर आणि त्याची बायको. फोटो थोडा तिरका होता आणि कोपऱ्यात कोणाचं तरी बोट आलं होतं.

तिनं मेजरला फोन लावला. "चौघांचा फोटो कोणी काढला रे?"

"टायमर लावला असेल."

"टायमरला बोट असतं का?"

"मग दिला असेल कोणा येणाऱ्याजाणाऱ्याकडे."

"तुझा कॅमेरा? मला हात लावू देत नाहीस तू."

"आठवत नाही बुवा," तो म्हणाला.

ताईलाही आठवत नव्हतं. तिनं फोटो मोठा करून पाहिला. कॅमेरा समोर आला की तिचा चेहरा लाकडासारखा होतो, हे तिचं तिला माहीत होतं. शाळेपासूनचे सगळे फोटो तसेच. इथे मात्र ती तोंडभर हसत होती, डोळे बारीक झालेले, मान मागे. अनोळखी माणसाकडे पाहून कोणी असं हसत नाही.

तिनं कार्ड खोलवर तपासायला लावलं. त्याला वेळ लागतो. सॉफ्टवेअर कार्डाचा कोपरान् कोपरा वाचतं आणि जे हाती लागेल ते बाहेर काढून ठेवतं. संध्याकाळपर्यंत वीसेक करड्या चौकोनांपैकी पाच हाती लागले. तिनं पहिला उघडला.

बाकावर दोघी बसल्या होत्या. एक ताई स्वतः, हिरव्या स्वेटरमध्ये. दुसरी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असावी. दोघींनी मिळून एकच शाल पांघरली होती आणि दुसरीनं आपलं डोकं ताईच्या खांद्यावर टेकवलं होतं. ताईचा हात तिच्या गालावर होता.

ताईनं त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं.

तिनं रागावल्यासारखा फोटो बंद केला. जुन्या कार्डात कधीकधी दुसऱ्या कोणाचे फोटो निघतात, हे तिला माहीत होतं. पण दुसऱ्या कोणाच्या फोटोत तिचा स्वेटर आणि तिचा हात कसा येईल? तिनं पुन्हा उघडला.

करडा चौकोन.

पुन्हा उघडला. चौकोनच. तिनं कार्ड काढून पुसलं, घातलं, सगळं पहिल्यापासून केलं. तो फोटो काही आला नाही. दुसरा उघडण्याआधी तिनं संपूर्ण कार्डाची नक्कल करून घेतली. नकलेत पाचही करडे निघाले.

तेव्हा तिनं प्रिंटिंग मशीनवरच्या काकांना हाक मारली. काका या लॅबमध्ये तिच्याही आधीपासून होते. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे कागदावर उतरताना बघून त्यांना कशाचं अप्रूप उरलं नव्हतं.

"काका, एक फोटो उघडते. काय दिसतं ते सांगा."

तिनं मूळ कार्डातला दुसरा उघडला. काकांनी चष्मा वर केला. "आई बसलीय तुमची. मागे एक बाई उभी आहे, आईच्या गळ्यात हात टाकून. धाकटी बहीण का? नाक तुमचंच आहे की."

"मला बहीण नाही, काका."

"मग मावसबहीण असेल," काका म्हणाले आणि मशीनकडे वळले. कागद अडकला होता.

फोटो बंद करण्याआधी ताईनं मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला. मोबाइलमध्ये टेबल आलं, कीबोर्ड आला, तिचा चहाचा कप आला. स्क्रीन करडी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं मेजरला बोलावून घेतलं. काहीच न सांगता त्याला खुर्चीत बसवलं आणि तिसरा फोटो उघडला. त्यात तो चटईवर उकिडवा बसला होता. त्या बाईनं मागून त्याची टोपी पळवून स्वतःच्या डोक्यावर घातली होती आणि त्याचा कान पिरगाळला होता. सगळ्यांना रांगेत उभं करणारा मेजर दात काढून, डोळे मिटून हसत होता. धाकटं भावंड हसतं तसा.

नकळत हात वर नेऊन मेजरनं आपला कान चोळला.

"ही कोण?"

"तूच सांग."

"बंद कर ते." ताईनं केला. "नाही, थांब, थांब…" तो म्हणाला, पण तोवर चौकोन करडा झाला होता.

त्यानं स्वतः दहादा उघडून पाहिला. मग खुर्चीत मागे टेकून बसला.

"ताई, कॅमेऱ्यानं किती फायली ते सांगितलं नव्हतं. काय आहे त्यांच्यात, तेही नाही. नुसतं काढून टाकू का म्हणाला."

"कॅमेरा असंच विचारतो. सगळ्यांनाच विचारतो."

"मग बाकीचे काय दाबतात?"

चौथा फोटो ताईनं मुद्दाम दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिला, निदान तो तरी टिकेल म्हणून. तो उघडलाच नाही. आता एकच उरला.

"आईला दाखवायचा का?" मेजरनं विचारलं.

"तिला नाही तर कोणाला?"

रविवारी सकाळी दोघं आईकडे गेले. आई एकटीच राहायची. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीशी घड्या केलेल्या कपड्यांचा ढीग, हवेत इस्त्रीचा वास. नवं शिवणं तिनं कमी केलं होतं, आता बहुतेक कामं उसवून लहानमोठं करण्याची. दोघांना एकदम दारात पाहून ती म्हणाली, "काय रे, कोणी गेलं का?"

"कोणी नाही, आई," मेजर म्हणाला. "तळ्यावरचे फोटो आणलेत."

ताईनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, चार्जर लावला, स्क्रीन आपोआप बंद होणार नाही अशी व्यवस्था केली. मग शेवटचा फोटो उघडला.

आई झाडाखाली पाय पसरून बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून ती बाई कुशीवर झोपली होती. अंगावर गळ्यापर्यंत शाल, फक्त चेहरा आणि कॉलर बाहेर. आईची बोटं तिच्या केसांत होती.

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईनं चष्मा बदलला आणि वाकून पाहिलं.

"कॉलर माझी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी शिवलेली. टोकाला मी एक उलटी टीप मारते, बाहेरून दिसत नाही, पण टोक कसं ताठ बसतं बघ. दुसऱ्या कोणाची अशी बसत नाही."

"तुझं गिऱ्हाईक असेल मग," मेजर म्हणाला.

"गिऱ्हाईक मांडीवर झोपतं का रे?"

आईनं खुर्ची पुढे ओढली. एकदा तिनं हाक मारायला उघडतात तसं तोंड उघडलं, ओठ कशाच्या तरी आकारात आले आणि तसेच राहिले. मग तिनं ते मिटले.

"घाबरलीस का?" ताईनं विचारलं.

"नाही गं. पाय आखडलाय." तिनं उजवी मांडी दाबली. "मगासपासून जड झालाय."

त्यांनी लॅपटॉप तसाच राहू दिला. जेवणं तिथेच झाली. आईनं ताट मांडीवर न घेता हातात धरलं आणि उजवा पाय जराही न हलवता जेवली. मेजर तिला पाणी आणून देत होता आणि स्क्रीनकडे पाहत नव्हता. ताई अधूनमधून चार्जरचा दिवा बघत होती. दिवा व्यवस्थित लागलेला होता.

दुपार कलताना चित्र गेलं. कोणी हात लावला नव्हता, वीज गेली नव्हती. करडा चौकोन तेवढा राहिला.

ताईनं बटणं दाबून पाहिली. कार्ड काढून घातलं. आता तर कार्डात नावंही नव्हती. सॉफ्टवेअर म्हणत होतं, कार्ड रिकामं आहे.

"उठली वाटतं," आई म्हणाली आणि पाय मोकळा करत स्वतः उठली.

मेजर गॅलरीत जाऊन उभा राहिला. ताईनं वायर गुंडाळली. आतल्या खोलीत ट्रंकेचं झाकण वाजलं आणि आई एक मऊ सुती कापड घेऊन बाहेर आली. फिकट निळं, बारीक ठिपक्यांचं. तिनं ते टेबलावर पसरलं, तळव्यानं सारखं केलं, खडूनं रेघा ओढल्या. मापाची टेप गळ्यात होती, तिला तिनं हात लावला नाही.

"कोणाचं आहे?" ताईनं विचारलं.

"बघू. हात चाललाय तोवर करते."

कात्री चालायला लागली. खांदा, बाहीचा मुंढा, मग खाली. आईचा हात कुठे अडत नव्हता. ताई बघत राहिली. लहानपणापासून ती आईला कापड बेतताना पाहत आली होती, माप कुठे किती सुटतं ते तिला नजरेनंच कळायचं. अंग सडपातळ बेतलं होतं. खाली मात्र खडूची रेघ एकदम बाहेर गेली होती.

"आई, पोटाशी एवढं ढिलं कशाला सोडलंस?"

"आठवा लागलाय ना तिला," आई म्हणाली.

आणि कात्री कापडात तशीच अर्धवट थांबली.